एकाच गळ्याची नोंद

माझ्या सुनेनं गुढीपाडव्यापासून गाणं टाकलं होतं. बोलणं टाकलं नव्हतं, ते उलट वाढलं होतं. कोळणीशी बोलायची, फोनशी बोलायची, कपडे धुवायच्या मशीनशीसुद्धा भांडायची. पण तांदूळ निवडताना गुणगुणणं नाही, कपडे वाळत घालताना एक सूर नाही. आणि लग्नाचं बोलावणं आलं की हिचा गुडघा दुखायला लागायचा. "गुडघ्यानं गातंस काय गो?" असं मी तिला दोनदा विचारलं. ती नुसती हसायची आणि आत निघून जायची. जिला मी एकोणीस वर्षं माझ्या शेजारी पाटावर बसवलं, तिनं भर लग्नसराईत मला एकटीला मांडवात पाठवावं आणि आपण घरी पाय चेपत बसावं, याला माज नाही तर काय म्हणायचं?

मी पदीबाई मोकल. खाडीकाठच्या आवरखार गावची धवलारीण. आम्हां आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो शेवटी, अक्षता टाकण्यापुरता. त्याच्या आधीचं दोन दिवसांचं लग्न बाई लावते. चौक भरायचा, घाणा भरायचा, हळद लावायची, तेल चढवायचं. प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, त्यालाच धवला म्हणतात. धवल्याची पहिली ओळ कानावर पडल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. आणि एकदा सुरू झाला की काम पुरं होईपर्यंत तो तुटता कामा नये. धवला तुटणं फार वाईट. तुटला तर म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहतात.

आता एक गळा तीन तीन तास कसा पुरणार? म्हणून दोघी लागतात. एकीची ओळ संपता संपता दुसरीनं पुढची उचलायची, पहिलीनं तेवढ्यात श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, एकच बाई गातेय आणि तिला श्वासच लागत नाही. याला आम्ही सांधा म्हणतो. सांधा ऐकू आला की धवलारणीची लाज गेली.

माझी सून दर्शना, भिवंडीकडची. तिची आईसुद्धा तिकडची धवलारीण, त्यामुळे पोरगी आली ती गळ्यात तिकडची चाल घेऊन आली. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, "ती चाल माहेरी ठेवून ये. या घरात दोन गळे चालत नाय." तीन वर्षं मी तिला मांडवात बसू दिलं नाही. आम्ही दोघी आतल्या खोलीत गायचो आणि आळीतला म्हातारा हरी घरत ओटीवर पाठमोरा बसायचा. मी मधेच ओरडून विचारायची, "सांग र हरी, आते कोन?" तो म्हणायचा, ही पदी, ही सून. बरोबर सांगितलं की मी दर्शनाकडून ती ओळ पुन्हा पन्नास वेळा घोटून घ्यायची. रडायची ती. मी पाणी द्यायची आणि पुन्हा घोटून घ्यायची. एक दिवस हरी म्हणाला, "पदे, मना कायच कलत नाय. एकच बाई हाय आत." त्या दिवशी मी तिला माझ्या शेजारी पाट दिला. सगळ्या तालुक्यात आमच्यासारखा सांधा कुणाचा नव्हता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तर अशा सुनेचा गुडघा दुखत होता, आणि मी वैशाखात, पाडव्यानंतरच्या पहिल्याच लग्नात, एका नवऱ्याच्या हळदीला एकटीच गेले.

हल्ली मांडव कुणी घालत नाही. थंडगार हॉल असतो. या हॉलच्या छताला पांढऱ्या बशा उपड्या चिकटवल्यासारखे स्पीकर होते, चाळीस तरी असतील. माझ्या पदराला माइकचा चिमटा लावला. मी चौकासमोर बसले आणि सुरू केलं.

"चौक गो भरिला नव्या तांदलाचा, वर बैसला आजाचा लाडका..."

तिसऱ्या ओळीला माइक मेला. मला वाटलं, लाइट गेली. पण दिवे चालू, वारा चालू. असा गेलेला माइक मी पन्नास वेळा पाहिलाय. मी आवाज चढवला. तेवढ्यात छतातून धवला आला.

माझा आवाज. माझीच ओळ, जी मी आता म्हणणार होते तीच. मी दचकून तोंड मिटलं. माझं तोंड बंद होतं आणि माझा आवाज चालू होता.

अंगावर काटा आला म्हणतात तसं काही झालं नाही. कानात दडे बसले, पण त्या दड्यांतूनही तो ऐकू येत होता. तो आवाज नवऱ्याचं नाव घेत होता. त्याच्या वारलेल्या आज्याचं नाव घेत होता, जे मला त्याच्या आत्यानं सकाळी कानात सांगितलं होतं आणि मी आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. नंतर कळलं, पत्रिकेवरून घेतलं. श्वाससुद्धा होता त्यात, माझ्यासारखाच, ओळीच्या पोटात लपवलेला. फक्त तो दमलेला नव्हता.

आणि बायका? एकजण उठली नाही. दोघी वर बघून हसल्या. हळद सुरू झाली. नवऱ्याची आत्या मायेनं म्हणाली, "पदीबाय, बस ना आते. वरून चाललंय ना! कनाला घसा कोरडा करतंस? सरबत पी."

हॉलचा मॅनेजर पळत आला. "मावशी, तुम्ही गाऊ नका हां. तुमचा ठसा जुळतोय. आम्हाला नोटीस येते."

"कोनाचा ठसा? मी काय अंगठा लावलाय कुठं?"

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. मला अक्षर अक्षर जोडून वाचता येतं, तेवढं पुरलं. वर माझा फोटो, हिरव्या लुगड्यातला. खाली मोठ्या अक्षरात, पदीबाईंचे धवले. त्याखाली, सागरवेल म्युझिक. आणि सगळ्यांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, मूळ ठसा: दर्शना नरेश मोकल.

सरबत मी प्यायले नाही.

घरी आले तर दर्शना ओटीवर जवळा निवडत होती. मी तिच्यापुढचं सूप पायानं सरकवलं.

"तुजा गुडघा मना आते कलला," मी म्हटलं. "घरातला गळा विकलास. चोर हायस तू, चोर."

तिनं काही विचारलं नाही, काय झालं म्हणून. तिला कळलं. "तुमाला पन धरला?" एवढंच म्हणाली. "आई, खरंच? तुमाला पन?"

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

दिवाळीत सागरवेल कंपनीचा टिपणीस नावाचा माणूस आमच्या घरी आला होता, ते मला माहीत होतं. दर्शना हळदीची गाणी रेकॉर्ड करायला त्यांच्या उलव्याच्या ऑफिसात जाणार, तेही माहीत होतं. मलाही बोलावलं होतं, पण मी भिंतीपुढं गात नाही. मला वाटलं, चार गाणी गाईल आणि येईल. तिलाही तसंच वाटलं होतं. पण तिथं तिला बारा दिवस काचेच्या खोलीत बसवलं. गळ्याला पट्टा, छातीला पट्टा, दातांच्या मागे तांदळाएवढा मणी. श्वास कधी घेते, किती घेते, शब्दाच्या आधी किती थबकते, सूर खालून उचलताना कुठे रेंगाळते, सगळं यंत्रानं मोजलं. आवाजाची नुसती नक्कल असती तर ती आमच्या गावातली पोरंही करतात. यंत्र नक्कल करत नाही, ते वळण शिकतं. एकदा वळण कळलं की न गायलेली ओळसुद्धा ते तशीच गातं, जशी त्या बाईनं गायली असती. त्या वळणाला ठसा म्हणतात, आणि ठसा सरकारदरबारी नोंदवता येतो. तिनं सही केली होती ती त्यावर. पुढे त्या ठशानं जे काही गायलं जाईल ते कंपनीचं.

दुसरी गोष्ट कानोसा. पाडव्यापासून नव्या-जुन्या प्रत्येक माइकात, फोनात, स्पीकरात एक कान बसवलेला असतो. कुणी गायला लागलं की तो ठसा ताडून बघतो. नोंदवलेला ठसा परवान्याशिवाय कुणी गात असेल तर आवाज बंद, आणि परवान्याचं गाणं तयार असेल तर ते चालू. जिथं गायलं त्या जागेला नोटीस, आणि विकलेला ठसा बाहेर ऐकू आला म्हणजे करार मोडला असं धरून ज्याच्या नावावर ठसा त्याला सूचना. तीन सूचना झाल्या की कोर्ट. आणि हा कायदा कशासाठी केला माहितेय? म्हणे कलाकाराची चोरी होऊ नये म्हणून.

"पाडव्याला भांडी घासताना मी धवला गायले," दर्शना म्हणाली, "तर फोनवर लाल पट्टी. पयली सूचना. मंग मी गप जाले. मना वाटलं, माझाच गळा गेलाय. तुमी गात रहाल. म्हनून गुडघा सांगितला."

"आन सही कनाला केलीस? काय कमी होतं तुला?"

ती जवळ्यातला कचरा बोटानं बाजूला करत राहिली. "माझं नाव येईल असं बोलला तो. बावीस वर्षं मना सगली पदीबायची सून बोलतात. एकदा नाव यावं असं वाटलं."

"आन काय आलं?"

"तुमचं," ती म्हणाली.

मला हसू आलं असतं, पण आजच्या हॉलमुळे दुसरी सूचना तिच्या नावावर लागली होती आणि आता एकच उरली होती. आणि बारा दिवसांवर माझ्या नातीची हळद होती. माझ्या लेकीची, सुमनची, एकुलती एक लेक तनिष्का. ती जन्मली तेव्हाच मी सांगून ठेवलं होतं, हिच्या हळदीचा धवला मी म्हणणार आणि मग पाट सोडणार. आता मी तोंड उघडलं तर छत गाणार आणि सून कोर्टात जाणार. उघड्यावर, माइकाशिवाय गावं म्हटलं तरी दोनशे पाहुण्यांच्या खिशात दोनशे कान.

"चल," मी म्हटलं. "त्या टिपणीसाला मी गळा कोनाचा ते दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उलव्याला गेलो. टिपणीस म्हणजे तिशीचा, गोरटेला, नम्र. नम्र माणसाशी भांडताना माझी पंचाईत होते. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, मला आजी म्हणाला.

"आजी, यावर उपाय आहे," तो म्हणाला. "भिन्नता चाचणी. तुमचं गाणं नोंदवलेल्या ठशापेक्षा वेगळं आहे असं सिद्ध झालं की तुम्हाला हिरवी खूण मिळते, मग तुम्ही कुठेही गा. साठाच्या आत जुळलं की झालं."

मी काचेच्या खोलीत गेले. पट्टे बांधून घेतले. भिंतीवर आकडा दिसत होता. मी चौकाचा धवला म्हटला, चार ओळी.

सत्त्याण्णव.

"बघा आजी," टिपणीस हळूच म्हणाला, "तुम्ही अगदी दर्शनाताईंसारखं गाता."

मी. तिच्यासारखं. एकाहत्तर वर्षांची मी, माझ्या सासूकडून घेतलेलं, तिनं तिच्या सासूकडून घेतलेलं. आणि मी कालच्या पोरीसारखं गाते! मी उठून त्याच्या टेबलावर हात आपटला. "मी तिला शिकवलंय! तीन वर्षं घोटलंय! ती माझ्यासारखं गाते, गाढवा!"

"मला पटतं, आजी. पण यंत्राला आधी कोण आणि नंतर कोण ते कळत नाही. नोंद आधी कुणाची, तेवढंच कळतं." मग त्यानं जरा अवघडून एक चित्रफीत लावली. "आणि कंपनीच्या वकिलांकडे हे आहे."

आमची ओटी. दिवाळीच्या करंज्यांचं ताट. आणि मी, हिरव्या लुगड्यात, पाय पसरून, हसत. टिपणीसच्या डोळ्यांना मीच माझा पदर बांधला होता आणि मी विचारत होते, "सांग, आते कोन?" त्याला सांगता आलं नाही. त्याच्या मांडीवरच्या, आवाज ओळखणाऱ्या काळ्या पेटीलाही सांगता आलं नाही. मग मी सरळ त्या पेटीकडे बघून, सगळ्या दुनियेला सांगावं तसं म्हटलं होतं, "हा एकच गळा हाय. दोघी बायांत वाटलेला. वेगला करून दाखव कुनीपन, पैज!"

कुणी माझं तोंड दाबून वदवलं नव्हतं. ती फुशारकी माझी होती.

मी पुन्हा काचेत गेले. वेगळं गायचं ठरवलं. सूर नाकात घेतला, ब्याण्णव. घाईघाईनं म्हटलं, एक्क्याण्णव. मुद्दाम बेसूर झाले, आयुष्यात पहिल्यांदा, अठ्ठ्याऐंशी. घसा बसला माझा. आकडा जागचा हलेना. टिपणीसनं समजावलं, माणसाचा आवाज हा ठशात दोन आणे असतो, उरलेले चौदा आणे वळण असतं, आणि पन्नास वर्षं पडलेलं वळण इच्छेनं जात नाही. आपली चाल आपल्याला लपवता येत नाही, तसंच ते. मी बाहेर येऊन बसले.

"आजी, नातीच्या लग्नाला कंपनीकडून धवले मोफत देतो," टिपणीस म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे जास्त वाईट. "शेवटी तुमचाच आवाज आहे ना."

"माजं सरन पन तुमीच पेटवा मोफत," मी म्हटलं.

तेव्हा दर्शना उठली. ती आल्यापासून दाराजवळच्या खुर्चीत बसून होती. "मी गाऊ काय?"

"ताई, तुमची चाचणी कशाला?" टिपणीस हसला. "तुमचे शंभर येणार."

ती आत गेली. पट्टे बांधून घेतले. आमच्यात बसून गातात. ती उभी राहिली. डोळे मिटले आणि गायला लागली.

शब्द चौकाचेच होते. पण मी ते ओळखायला वेळ लावला. आमच्या धवल्यात ओळ शेवटी खाली येते, घडी घालून ठेवावी तशी. तिची ओळ शेवटी वर जात होती आणि तिथंच, उंचावर, थांबत होती. आम्ही श्वास लपवतो. तिनं तो उघडा टाकला होता, ओळीओळीला ऐकू येत होता, आणि तो श्वासच जणू ठेका धरत होता. आवाज जाड होता. रुंद होता. बावीस वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईचा हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला भीती वाटली, खरं सांगते. आपल्या घरात कुणी परकी बाई राहत होती आणि मला पत्ता नव्हता, असं वाटलं.

आकडा चौतीस. दिवा हिरवा.

टिपणीसनं पडद्यावर बोटानं टकटक केलं, जसं काही तो बिघडलाय. पुन्हा बघितलं. "ताई, हा ठसा कुणाचा? नोंदीत तर कुणीच नाही."

"माझा," ती आतून म्हणाली.

"पण मग... करारात फक्त पहिला ठसा आहे. हा मोकळा आहे." त्याचे डोळे चमकले. नम्र माणसाचेही चमकतात. "हा पण नोंदवून टाकू या, ताई. पाच मिनिटांचं काम. या वेळी नाव मोठ्या अक्षरात घालू, शब्द देतो."

दर्शनानं पट्टा सोडला, गुंडाळला, टेबलावर ठेवला. "नको," ती म्हणाली.

बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. मीच विचारलं, "इतक्या वर्षांत इसरली कशी नाय तू ती चाल?"

"रोज गायचे ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "न्हानीघरात. नल मोठा सोडून."

पाणी फुकट घालवते म्हणून मी तिला किती वर्षं शिव्या दिल्या, ते माझं मला माहीत. तिनं एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

मी त्या दिवशी तिला एकच सांगितलं, तनिष्काच्या हळदीला पाटावर तू बसशील. एवढं सांगायलाही मला आवरखारचा स्टॉप येईपर्यंत वेळ लागला. बाकीचं काही मी बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. पण माझं तोंड जेवढं शिव्यांना सैल आहे तेवढं इतर गोष्टींना नाही.

हळदीचा दिवस आला. हॉल तसाच, छताला बशा तशाच. तनिष्का पिवळ्या साडीत पाटावर बसली, समोर तांदळाचा चौक, दर्शना एकटी दुसऱ्या पाटावर. माझी जागा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, पाहुणीसारखी. एवढ्या वर्षांत मी हळद खुर्चीवरून पाहिली नव्हती. हातांचं काय करायचं ते कळेना.

दर्शनानं पहिली ओळ घेतली. माइक चालू राहिला. छत गप्प राहिलं. माझा जीव खाली बसला.

पण दुसऱ्या ओळीला मागून कुजबुज सुरू झाली. "यो कुठला धवला?" "ही आपली चाल नाय गो." "पदीबायला काय जालं, तिनं कनाला नाय म्हटला?" तिसऱ्या ओळीला कुणी तरी फसकन हसलं. आमच्या बायकांना परकी चाल म्हणजे परकं माणूस चुलीपाशी आल्यासारखं. मी हे ओळखते, कारण त्यांना ते शिकवणाऱ्यांत मी पहिली.

माझी लेक सुमन, नवरीची आई, वाकून माझ्या कानाशी आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "आये, हे बंद कर ना. सगली हसतात. माझ्या पोरीच्या हलदीला भिवंडीची चाल? मॅनेजर बोलतो, एक बटन दाबलं की तुजे धवले चालू होतील. तुजाच आवाज, आये. तनूला तुजाच पायजे होता."

मी वर पाहिलं. त्या बशांत मी होते. जशी तिशीत गायची तशी, न दमलेली, घडी घालून ओळ ठेवणारी. माझ्या नातीच्या हळदीला माझा धवला, मी मनाशी वीस वर्षं बांधलेला. फक्त मान हलवायची होती. खोटं कशाला सांगू, माझी मान हलायला आली होती.

सुमनचं बोलणं दर्शनाच्या कानावर गेलं असावं. ती ओळीच्या मधोमध अडखळली. पुढचा शब्द आलाच नाही.

धवला तुटला.

मागच्या म्हाताऱ्या बायका खुर्च्या सरकवत उठून उभ्या राहिल्या. तनिष्काच्या गालाजवळ आलेलं हळदीचं बोट हवेत थांबलं. मॅनेजर भिंतीजवळ, बोट बटणापाशी नेऊन, माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते. दर्शना तेवढी खाली, चौकाकडे, बघत होती.

मी उठले. गुडघे कुरकुरले, ते खरे. चौकापर्यंत चालत गेले. मॅनेजरला म्हटलं, "बटनाला बोट लावलंस तर बोट घरी घेऊन जायला मिलायचं नाय." मग सुनेपुढे उभी राहिले. माझा बसलेला घसा अजून उघडला नव्हता, पण बोलण्यापुरता होता, आणि मी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला.

"वर बघ, दर्शना. त्या दिवशी ओटीवर मी तुला चोर बोलले. आते या सगल्यांच्या समोर नीट सांगते, ऐक. कंपनीनं तुजा गळा नेला, पन तुज्यासमोर कागद ठेवला, तुजी सही घेतली. मी बावीस वर्षं नेला आन तुला विचारलं पन नाय. कंपनीची चोरी नोंदीत हाय, माजी नोंदीत पन नाय. या घरातली मोठी चोर मी हाय. धवला आज माज्यामुले तुटला, त्याचं काय वाईट व्हायचं असंल ते माजं होऊ दे, पोरीचं नको. तू तुज्या आयशीच्या चालीत पयल्यापासून घे, आन जी हसंल तिचं नाव मना सांग."